तिसरा ठोका

३ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहायचा हक्क उरला आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून नुसती हाक मारून सुरुवात करतो. अकरा वर्षांतलं हे माझं पहिलं पत्र. पत्ता तुझ्या वहिनीच्या वहीतून घेतला. ती तुझ्या बायकोशी फोनवर बोलते हे मला माहीत आहे, मला भिंतीपलीकडचं ऐकू येतं हे तिला माहीत आहे, आणि या दोन्ही गोष्टींवर आम्ही कधी बोलत नाही. संसार असाच टिकतो.

मुद्द्यावर येतो. मला लिफ्टमध्ये जाववत नाही.

हसलास तर हस. बावीस माणसं माझ्या हाताखाली लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतात आणि मालक जिन्याने चढतो. नऊ महिने झाले. दार सरकून बंद झालं की छातीवर कुणीतरी गुडघा रोवतं, बोटांना मुंग्या येतात आणि कानांत एकाएकी सगळं थांबतं. त्या शांततेत मी कशाची तरी वाट बघत असतो आणि ते येत नाही. मागच्या महिन्यात अकराव्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाकडे पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. त्याला वाटलं, त्याच्या लिफ्टबद्दल काही भयंकर सांगायचंय. बिचारा स्वतःच खुर्चीत बसला. इकडे आमच्या वेल्डरने माझं बघून विडी सोडली. म्हणतो, साहेब या वयात जिने चढतात. माझ्या भीतीवर दुसऱ्याची फुप्फुसं सुधारताहेत.

हृदयाच्या डॉक्टरने सगळ्या तारा लावून बघितलं आणि म्हणाला, पंप ठणठणीत आहे, वायरिंग दुसरीकडे दाखवा. त्याने मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. बाई माझ्या मुलीपेक्षा लहान, टाइल्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये बसते. तिची रीत अशी: गादीवर आडवं व्हायचं, डोळ्यांवर पट्टी, मोठ्या आवाजात ढोल, आणि दोन-अडीच तास न थांबता खोल, भरभर श्वास. गोळी नाही, सुई नाही. मन म्हणे झोप आणि जाग यांच्या मधल्या एका मजल्यावर जाऊन थांबतं, जिथे एरवी दार उघडत नाही. मी विचारलं, आणि तिथेच अडकलं तर?

ती म्हणाली, "म्हणूनच शेजारी माणूस लागतो."

हे पत्र त्या माणसासाठी आहे. तिथे त्याला सोबती म्हणतात. शेजारी बसायचं. पाणी मागितलं तर पाणी द्यायचं, हात मागितला तर हात. सल्ला नाही, धीर देणं नाही, बोलणंच नाही. न बोलण्याचा आपला दोघांचा सराव दांडगा आहे. पंधरा तारखेला सकाळी दहाला येशील का?

त्या दिवसाचा विषय मी काढणार नाही. चौकशीत मी जे ऐकलं तेच सांगितलं, आणि आजही तेच सांगेन. हे फक्त स्पष्ट असावं म्हणून लिहिलं.

दादा


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

आला नाहीस. रागावलो नाही. दहा वाजून गेले तरी दाराकडे तोंड करून बसलो होतो. जिन्यावरचं एकेक पाऊल ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हा नव्हे, हाही नव्हे. मग ध्यानात आलं की तुझं आताचं पाऊल कसं वाजतं ते मला माहीतच नाही. त्या नकली पायाने तू चालायला लागलास तेव्हा आपण बोलत नव्हतो.

मग डॉक्टरणीने माझी जोडी एका शिंपिणीशी लावली. आधी ती आडवी होणार, मी सोबती, दुपारी उलट. बाई पन्नाशीची, बोटात शिवताना घालायचा अंगुस्ताना तसाच. घरून घाईत निघाली असावी. अर्ध्या तासाने ती लहान मुलीसारखी रडायला लागली. आणि मला काय करायची परवानगी? बसायची. मला, ज्याने आयुष्यात कुणाचं बिघडलेलं बघून हात खिशात ठेवला नाही. मी माझीच बोटं गादीखाली दाबून धरली. तासाभराने ती गप्प झाली आणि कुणाशी तरी हळू आवाजात बोलायला लागली. काय ते लिहीत नाही. माझे कान तिथे कामाला लागले याचीच लाज वाटली. उठल्यावर तिने मला विचारलं, तुम्ही इथेच होता ना सारा वेळ? मी म्हटलं, हो. तिला एवढंच हवं होतं.

माझी पाळी यायच्या आधी डॉक्टरणीने सगळी हकीकत विचारली. तुला सांगायची गरज नाही, पण मी तिला काय सांगितलं ते तुला कळलेलं बरं. मी सांगितलं, आम्ही दोघे भाऊ लिफ्टचं काम एकत्र करायचो. मी गच्चीवरच्या मशिनरूममध्ये, धाकटा खाली, लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात. मध्ये नऊ मजले. ओरडून सांगितलेलं वर येईपर्यंत त्याचा चोथा होतो. वायरचा फोन होता, तो मी गाडीतच ठेवायचो, कारण लिफ्टच्या पोटातलं मला ऐकू येतं अशी माझी ख्याती होती आणि ती मला आवडत होती. म्हणून आमची आपली रीत होती. धाकट्याने लिफ्टच्या उभ्या रुळावर पान्याने दोन ठोके दिले की काम झालं, तो आता चढून बाहेर निघतोय, थांब. बाहेर पाय ठेवला की तिसरा. तिसरा आला की मी मेन स्विच टाकून लिफ्ट चालू करायची. त्या दिवशी लिफ्ट जागीच रोखणारा खड्ड्यातला स्टॉपचा स्विचच बदलायचा होता, म्हणजे खाली त्याला वाचवणारं दुसरं काही नव्हतं. मी तिसरा ठोका ऐकला आणि स्विच टाकला. तळमजल्यावर कुणीतरी बटण दाबून उभं होतं. लिफ्टचा डबा खाली आला. धाकटा अजून खड्ड्यातच होता. तो म्हणाला, मी तिसरा दिलाच नाही. चौकशीत माझ्या कानांवर विश्वास ठेवला गेला. त्याने चुकीचा इशारा दिला असं ठरलं, पाय गेला तो गेलाच, वर लायसन्सही गेलं.

डॉक्टरणीने मध्ये न तोडता हे सगळं लिहून घेतलं. चांगल्या मेकॅनिकची ती खूण आहे.

माझ्या पाळीचं म्हणशील तर विशेष काही नाही. घाम आला, हातांची बोटं आखडली, मग झोप लागली असावी.

दादा

ता. क. झोप लागली नव्हती.


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ठीक. मीच पुढे लिहितो, कारण हे अंगावर घेऊन मला फिरता येत नाहीये.

वीस मिनिटं श्वास घेतला तोवर मी मनात ढोलाला नावं ठेवत होतो. मग श्वास आपोआप चालायला लागला, मी नुसता त्याला लटकलेला. कधी तो मोटरचा आवाज झाला ते कळलं नाही. नाकात ग्रीसचा वास आला. मी त्या मशिनरूममध्ये होतो. आठवण येते तसं नव्हे, आपण खोलीत असतो तसं. टाचांखाली गरम लादी. पाठीमागे कुणीतरी अस्वस्थपणे किल्ल्या वाजवत होतं.

रुळातून दोन ठोके आले. कानांत नाही, टाचांत.

मग ती शांतता, नऊ महिने मी लिफ्टमध्ये ऐकतो तीच. मी तिच्यात उभा राहिलो. तिसऱ्याची वाट बघितली. तो आला नाही. आणि मी माझा हात स्विचकडे जाताना बघितला. हात माझाच, पण मी त्याच्यापासून दूर, छतापाशी कुठेतरी. मी त्या हाताला थांब म्हणत होतो. शिंपीण नंतर म्हणाली, तुम्ही हात मागितलात, मी दिला, आणि तुम्ही तासभर एकच शब्द म्हणत होता. अंगुस्तान्याचा वळ दोन दिवस माझ्या तळव्यावर होता.

आता घाईने निष्कर्ष काढू नकोस. शुद्धीवर आल्यावर मी डॉक्टरणीला विचारलं, मला दिसलं ते घडलं होतं का? ती म्हणाली, "तिथे दिसतं ते औषध म्हणून घ्या, पुरावा म्हणून घेऊ नका." मन खरं सांगतं, खोटंही रचतं, आणि दोन्हीला एकच रंग लावतं. हे तिचे शब्द, माझे नव्हेत. म्हणजे कायद्याने बघितलं तर काहीच सिद्ध होत नाही. मी तीन सांगितले होते, तीनच आहेत.

हे लिहून हायसं वाटलं. पण सगळं सांगायचंच तर एक बाकी राहिलं. परवा चौथ्या मजल्यावरून खाली यायचं होतं. मी लिफ्टचं दार उघडलं आणि आत गेलो. शांतता होती, पण छातीवरचा गुडघा नव्हता. तळमजल्यावर उतरलो, आमचा वेल्डर समोर उभा. म्हणाला, साहेब, आज जिना नाही? मी म्हटलं, आज वेळ नाही.

आणि तेव्हापासून जेवण जात नाही. आपण आयुष्यभर बिघाड असेच तर शोधले. संशय येईल तो भाग बदलायचा, मशीन चाललं की बिघाड तिथेच होता. औषध लागू पडलं, मग रोग काय होता?

दादा


९ मार्च

धाकट्या,

त्या दिवशी मशिनरूममध्ये माझ्याबरोबर आणखी एक माणूस होता हे चौकशीच्या कागदात कुठेच नाही. त्या इमारतीचा मॅनेजर. सतत किल्ल्या खुळखुळवणारा. त्याला मी विसरलो होतो, की मीच त्याला बाहेर ठेवलं होतं, आता सांगता येत नाही. गादीवर पडून ऐकलेल्या गोष्टीवर मी विश्वास ठेवणार नाही, पण किल्ल्या तर तपासता येतात. शोधून काढला. निवृत्त झालाय, मुलीच्या घरी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होता.

मी इकडचं तिकडचं बोललो. गोड बोलून माहिती काढण्यात मी कच्चा नाही, तू जाणतोस. पण त्याने मध्येच झारी खाली ठेवली आणि म्हणाला, तुम्ही एक दिवस येणार हे मला माहीत होतं. मग मी सरळ विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय ऐकलंत?

म्हणाला, मला ठोकेबिके काही कळत नाहीत. मी तुमचं बोलणं ऐकलं. तळमजल्यावर माणसं खोळंबली होती, मी तुम्हाला तिसऱ्यांदा विचारलं, झालं का? तर तुम्ही म्हणालात, "तिसरा येईलच, तोवर चालू करतो."

धाकट्या, मी हे वाक्य म्हणालो. त्याने सांगताक्षणी ते मला माझ्याच आवाजात ऐकू आलं, ढोलाशिवाय, भर सकाळी. मी त्याला विचारलं, तेव्हा का नाही बोललात? म्हणाला, मला कुणी विचारलं नाही. आणि घाई मीच लावली होती. वर तुमच्या कानांचा एवढा दबदबा, मी म्हटलं, असेल बाबा यांना तिसरा ऐकू आला.

घरी येऊन मी सगळं कागदावर उतरवलं, खाली सही केली, आणि ठरवलं की हा कागद तुला पाठवावा. तुला वाटलं तर लिफ्ट निरीक्षकांच्या कचेरीत दे, वाटलं तर फाडून टाक. निर्णय तुझा. मला हे फार उदार वाटलं. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "चूक तुम्ही केलीत आणि आता निस्तरायचं काम पण त्यालाच देताय?"

मी म्हटलं, माझं लायसन्स गेलं तर बावीस घरं आहेत. ती म्हणाली, त्यांना तुमचा फोरमन सांभाळेल, तो तुमच्याहून कमी बोलतो आणि जास्त काम करतो. मग तिने निवडलेली भाजी बाजूला सारली. म्हणाली, अकरा वर्षं तुम्ही झोपेत एक, दोन म्हणता आणि थांबता. मला वाटायचं, मजले मोजताय.

मी एकटाच तिखट कानांचा आहे असं समजत होतो.

कागद काल कचेरीत नेऊन दिला. पोच घेतली. शिक्का मारणाऱ्या कारकुनाने वर न बघता विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध? मी माझं नाव सांगितलं. तेव्हा त्याने वर बघितलं.

भीती आहेच. पण ही भीती निराळी आहे. हिला निदान तोंड आहे.

दादा


२८ मार्च

धाकट्या,

आज सुनावणी झाली. आणि हे पत्र तू फोडणार नाहीस हे मला आज कळलंय, म्हणून पहिल्यांदाच काही न लपवता लिहितो. न वाचणाऱ्याला लिहिणं किती सोपं असतं.

अधिकारी तरुण होता. समोर जुनी फाइल, मॅनेजरचा जबाब, माझा कागद. सगळं वाचून म्हणाला, अकरा वर्षांनी एकदम आठवलं? कसं काय? मी गादी, पट्टी आणि ढोल सांगितले असते तर त्याने मला चहा पाजून घरी पाठवलं असतं. मी मॅनेजरच्या जबाबाकडे बोट दाखवणार होतो. तेवढ्यात तोंडातून निघालं, "विसरलो होतो असं नाही, साहेब. तीन म्हणून म्हणून मला तीन ऐकू यायला लागले होते." त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. तुझ्यावरचा ठपका काढायची शिफारस तो करणार आहे. माझं लायसन्स आजपासून स्थगित. फोरमनला कळवलं, तर म्हणाला, बरं. एवढंच.

बाहेर आलो तर बाकावर तुझी बायको. सकाळच्या गाडीने आली होती. तुझ्या वहिनीने तारीख कळवली असणार. मी नमस्कार केला, तिने केला नाही. म्हणाली, दादा, आत काय बोललात ते मी दारातून ऐकलं. ऐकायलाच आले होते. घरी सांगून आलेले नाही.

मी विचारलं, त्याने माझी पत्रं वाचली?

एकही नाही, म्हणाली. पाकिटावरचं अक्षर बघतात आणि शिलाई मशिनच्या खणात टाकतात. लायसन्स गेल्यापासून ते हीच मशिनं दुरुस्त करतात ना, त्यातल्याच एका नादुरुस्त मशिनच्या. तिसरं मी चोरून फोडलं, म्हणून आले.

मला वाटलं, राग आहे. अकरा वर्षं मी तुझा रागच गृहीत धरून बसलो होतो. त्या रागाला तोंड द्यायची सगळी तयारी करून ठेवली होती, उत्तरं पाठ होती. मी म्हटलं, त्याने रागावणं बरोबरच आहे.

तेव्हा ती जे म्हणाली ते लिहायला हे पत्र घेतलं. म्हणाली, "राग पहिली दोन वर्षं होता. आता ते म्हणतात, दादाचे कान चुकायचे नाहीत. चढताना माझाच पाना रुळाला लागला असणार."

मी बाकावर बसलो. ती सांगत राहिली. तू एक स्क्रू चार वेळा तपासतोस. मग तिला तपासायला लावतोस. गिऱ्हाइकाचं मशीन तिने बघितल्याशिवाय देत नाहीस. कुलूप लावल्यावर परत येऊन बघतोस. गॅस बंद करायला तुझा हात तुला पुरत नाही. मुलीला सायकल शिकवायची वेळ आली तेव्हा तू म्हणालास, मी धरणार नाही, माझ्या हातून सुटेल.

माझे नऊ महिने जिन्याचे. तुझी अकरा वर्षं. मी तुझा पाय घेतला असं समजत होतो, आणि त्याचंसुद्धा माप घेण्याचं धाडस नव्हतं. तुझा हात पण मी घेतला, हे आज कचेरीच्या बाकावर कळलं.

मी तिला म्हटलं, तू आजच जाऊन सांग त्याला. आत जे झालं ते सगळं सांग. तिने मान हलवली. म्हणाली, मी सांगितलं तर त्यांना वाटेल बायको समजूत घालतेय. कचेरीचा कागद आला तर म्हणतील, दादाने दया करून दोष अंगावर घेतला. त्यांना ते तुमच्याकडूनच कळलं पाहिजे. कसं, ते तुम्ही बघा. आयुष्यभर लोकांची बंद दारं उघडलीत ना.

गाडीची वेळ झाली म्हणून ती गेली. जातानाही नमस्कार केला नाही, मागे वळून बघितलं मात्र.

डॉक्टरणीला फोन केला. विचारलं, त्याला तुमच्या गादीवर आणू का? ती म्हणाली, त्यांना गादी नको आहे, माहिती हवी आहे. ती तुमच्याकडे आहे.

मला भीती वाटतेय. तू वाचलंस आणि तरीही विश्वास ठेवला नाहीस तर? इतकी वर्षं आपण दोघांनी मिळून तो तिसरा ठोका वाजवलाय, आता तो एका ओळीने थांबेल का?

दादा


२९ मार्च

(पोस्टकार्ड)

धाकट्या,

पाकिटं तू फोडत नाहीस, म्हणून उघडं कार्ड. पोस्टमन वाचेल, शेजारी वाचतील. वाचू देत.

दोनच ठोके आले. मी थांबलो नाही आणि चालू केलं. तीन आले हे मी खोटं सांगितलं.

चढताना तुझा पाना रुळाला लागला नव्हता. लागला असता तर मला ऐकू आलं असतं.

तुझा हात चुकला नव्हता.

दादा